हेलिकॉप्टरचे बळ आणि वैमानिकाचे गणित



एके दुपारी नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू असता डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेले. आपला हा सुपे-जोयड्याचा मुलूख म्हणजे दाट रान. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला कारवारचा समुद्र. दोन्हीकडे नौदलाचे तळ आहेत, तेव्हा असे एखादे यंत्र कधीमधी आपल्या आकाशातून जाते. धडा बाजूला राहिला आणि सगळा वर्ग खिडकीशी गोळा झाला. आवाज रानापलीकडे विरल्यावर एका मुलाने विचारले, "सर, हेलिकॉप्टरला धावपट्टी नको, रस्ता नको. ते हवेत जागच्या जागी उभे राहते, हवे तेथे उतरते. मग ते कोसळते कसे?"

मी सहज उत्तर दिले, "वैमानिकाची चूक होत असेल." वृत्तपत्रात आपण हेच शब्द वाचतो. परंतु त्या मुलाने लगेच विचारले, "कसली चूक?" आणि मी निरुत्तर झालो.

मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि विद्यार्थ्याचा प्रश्न शिक्षकाने अर्धवट सोडू नये, म्हणून मी या विषयावरील मिळेल ते वाचले, आणि विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून आकडेमोड तपासून घेतली. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा पाठ होय.

एकाने काय होते?

प्रथम माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कारवारच्या क्रीडास्पर्धा आटोपून आम्ही मुलांना घेऊन भाड्याच्या जीपने परत येत होतो. निघण्यापूर्वीच जीप भरली होती आणि दोन मुले खाली राहिली होती. चालक म्हणाला, "सर, आता आणखी नको. पुढे घाट आहे." पण आपल्याकडच्या कुठल्याही गाडीत नित्य ऐकू येणारे कोंकणी शब्द माझ्या तोंडून निघून गेले, "मातशें सरकात!" थोडे सरका, या दोघांनाही घ्या, एकादोघांनी काय होते?

सपाटीवर खरोखरच काही झाले नाही. जीप मजेत धावत होती आणि मुले गाणी म्हणत होती. कद्रा मागे पडला, अणशीचा घाट लागला, आणि एका अवघड वळणावर जीप थांबली. केवळ थांबली नाही, तर हळूहळू मागे सरकू लागली. चालकाने प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या अंगाला घातली. कोणीतरी उडी टाकून चाकामागे दगड लावला. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. मुलांना उतरवून आम्ही तो चढ पायी चढलो. चालक मला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

आता विचार करा. जीपचे यंत्र सकाळी होते तेच संध्याकाळी होते. सपाटीवर जो भार तिने सहज वाहिला, तोच भार घाटात तिला पेलवला नाही. म्हणजे यंत्राचे बळ पुरेसे आहे की नाही, हे केवळ यंत्रावर अवलंबून नसते; यंत्र कोठे आहे, त्यावर भार किती आहे आणि त्याच्याकडून कोणते काम मागितले आहे, या तिन्ही गोष्टी मिळून ते ठरते. शिवाय सपाटीवर ही उणीव दिसून येत नाही. ती कळते तेव्हा आपण घाटाच्या मध्यावर असतो.

आपल्याच तालुक्यातील कॅसल रॉकहून खाली गोव्यातील कुळ्याकडे उतरणारा रेल्वेचा घाट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथे दर ३७ मीटर अंतराला १ मीटर चढ आहे. कुळ्याहून वर येणाऱ्या गाडीला एका इंजिनाचे बळ पुरत नाही, म्हणून जादा इंजिने जोडतात. रेल्वेने घाटाचे गणित आधीच मांडून ठेवले आहे, म्हणून ती गाडी सुखरूप वर येते. हेलिकॉप्टरला मात्र मागून ढकलणारे दुसरे इंजिन लावता येत नाही, आणि चाकामागे दगड ठेवायला हवेत जागा नसते. त्याचे गणित जमिनीवरच सुटले पाहिजे.

हवेला खाली ढकलून वर चढणे

हेलिकॉप्टर वर कसे चढते? विहिरीत पोहणारा माणूस हातांनी पाणी मागे सारतो आणि स्वतः पुढे जातो. तद्वत् हेलिकॉप्टरची फिरती पाती हवेला खाली लोटतात आणि त्या प्रतिक्रियेने यंत्र वर उचलले जाते. न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तोच येथे लागू पडतो. रशियन साम्राज्यातील कीव्ह येथे जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या इगोर सिकॉर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी आपले हेलिकॉप्टर प्रथम जमिनीवरून उचलले. माथ्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक लहान पंखा, ही त्यांची रचना आजही बहुसंख्य हेलिकॉप्टरांत दिसते. माथ्यावरचा पंखा एका दिशेने फिरू लागला की यंत्राचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. त्याला आवरण्याचे काम शेपटीचा पंखा करतो.

या कामाला बळ किती लागते, त्याचा एक अंदाज पाहा. एस-७६ नावाचे सिकॉर्स्की कंपनीचे हेलिकॉप्टर भरल्यावर जास्तीत जास्त सुमारे ५३०० किलोग्रॅम वजनाचे असते आणि त्याच्या पंख्याचा व्यास सुमारे १३.४ मीटर असतो. ते हवेत नुसते स्थिर राहण्यासाठी दर सेकंदाला सुमारे २ टन हवा खाली लोटावी लागते, आणि ती हवा खाली जाता जाता ताशी सुमारे ९० किलोमीटर वेग घेते, असे साध्या गणिताने निघते. हेलिकॉप्टर उतरताना पटांगणावरचे छप्पर उडते आणि धुळीचे लोट उठतात, त्याचे कारण हेच. मोटार उभी असताना तिला बळ लागत नाही. हेलिकॉप्टरला मात्र हवेत उभे राहणे हेच अतिशय कष्टाचे काम असते. पुढे मध्यम वेगाने जाताना त्याला त्याहून कमी शक्ती पुरते. जागच्या जागी उभे राहण्याचे जे कौशल्य पाहून आपला विद्यार्थी चकित झाला, तेच त्या यंत्राला फार महाग पडते.

दर दिवसाची हवा निराळी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पाती ज्या हवेला ढकलतात ती हवा सर्वत्र आणि सर्वकाळ सारखी दाट नसते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२२५ किलोग्रॅम भरते. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो व ती विरळ होते. तापमान वाढले की हवा प्रसरण पावते व तशानेही ती विरळ होते.

दोन सोपे नियम ध्यानी ठेवा. पहिला असा की, सुमारे १०० मीटर उंच गेल्यास हवा जवळजवळ १ टक्क्याने विरळ होते. काळी नदीवरील आपल्या सुपे धरणाची उंची १०१ मीटर आहे. ज्या धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, त्या धरणाच्या पायथ्याची हवा आणि माथ्यावरची हवा यांत सुमारे १ टक्क्याचा फरक असतो. दुसरा नियम असा की, तापमान सुमारे ३ अंशांनी वाढले की हवा पुन्हा जवळजवळ १ टक्क्याने विरळ होते. अर्थात् पहाटेची थंड हवा आणि चैत्र-वैशाखातील भर दुपारची हवा या हेलिकॉप्टरच्या दृष्टीने दोन निराळ्या उंचीवरच्या हवा होत.

विरळ हवेचा फटका दुहेरी बसतो. एक तर पात्यांना ढकलायला कमी हवा मिळते, म्हणून तेवढेच वजन तोलण्यासाठी अधिक शक्ती खर्चावी लागते. दुसरे असे की, खुद्द इंजिनालाही ज्वलनासाठी हवाच लागते. विरळ हवेत ती कमी मिळते. आणि उन्हाळ्यात इंजिन आपल्या उष्णतेच्या मर्यादेपर्यंत लवकर पोचते, तेव्हा त्याची उपलब्ध शक्तीही घटते. म्हणजे खर्च वाढतो आणि त्याच वेळी मिळकत कमी होते. घरसंसारात असे झाले की काय होते, हे तुमच्या आईवडिलांना विचारा.

आपल्यापैकी काही कुटुंबे केदारनाथच्या यात्रेस जाऊन आली असतील. ते क्षेत्र सुमारे ३५८० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवा समुद्रकिनाऱ्यावरील हवेच्या मानाने सुमारे ३० टक्के विरळ असते. तेथे हेलिकॉप्टरने जाणाऱ्या यात्रेकरूंना आधी वजनकाट्यावर उभे करतात. काहींना त्यात संकोच वाटतो, काहींना हसू येते. परंतु तो काटा हा त्या उड्डाणाचा पहिला आणि फार महत्त्वाचा भाग आहे.

निलंग्याचा प्रसंग

महाराष्ट्रात सर्वांच्या स्मरणात राहिलेला एक प्रसंग या दृष्टीने पाहू. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर निघाले. ते वर सांगितलेल्या एस-७६ जातीचेच होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते विजेच्या तारेत अडकून वस्तीजवळ कोसळले. आतील सहाही जण बचावले, ही मोठी सुदैवाची गोष्ट. उड्डाणानंतर वाऱ्याची दिशा बदलती असल्याचे आढळले, म्हणून वैमानिकाने पुन्हा उतरण्याचा निर्णय घेतला आणि उतरताना तारेचा अडथळा आला, असे प्रारंभीच्या शासकीय निवेदनात म्हटले होते. पुढील चौकशीत त्या उन्हाळी हवेच्या मानाने यंत्रावर असलेल्या वजनाचा प्रश्नही पुढे आला.

कोणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. आपण त्या जागेचे गणित तेवढे करून पाहू. निलंग्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच धरा, आणि मे महिन्यातील तापमान ४० अंश धरा. केवळ उंचीमुळे हवा सुमारे ६ टक्के विरळ झाली. त्या उंचीवर प्रमाण मानलेले तापमान सुमारे ११ अंश असते. प्रत्यक्षात ते २९ अंशांनी अधिक आहे, म्हणून आणखी सुमारे ९ टक्के हवा विरळ झाली. दोन्हींचा एकत्र परिणाम सुमारे १४ टक्के येतो. एवढी विरळ हवा प्रमाण हवामानात सुमारे १६०० मीटर उंचीवर आढळते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे डोळ्यांना ते हेलिकॉप्टर निलंग्याच्या सपाट मैदानात उभे दिसत होते, पण त्याच्या पात्यांच्या दृष्टीने ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभे होते!

सपाट मैदानावर उभा राहून घाट ओळखता येणे, हीच येथे वैमानिकाची कसोटी असते. जीपच्या चालकाला घाट दिसतो. वैमानिकाचा घाट डोळ्यांना दिसत नाही. तो तापमापकात, दाबमापकात आणि यंत्रासोबत दिलेल्या कोष्टकांत दडलेला असतो. अमुक उंचीला, अमुक तापमानात, अमुक एवढेच वजन, असे ती कोष्टके सांगतात. यंत्राच्या कारखान्याने सांगितलेले सर्वाधिक वजन हे सर्व दिवसांसाठी दिलेले वचन नव्हे. ती केवळ कमाल सीमा असते. त्या दिवसाची सीमा त्याहून बरीच खाली असू शकते.

आता 'एकाने काय होते?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. स्थिर राहताना हवेला खाली ढकलण्यात जी शक्ती खर्च होते, ती वजनाच्या मानाने अधिक वेगाने वाढते. वजन १० टक्क्यांनी वाढले तर ती सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. ४००० किलोग्रॅमच्या हेलिकॉप्टरात ८० किलोग्रॅमचा एक माणूस अधिक बसला, तर वजन २ टक्क्यांनी वाढले आणि ही शक्ती सुमारे ३ टक्क्यांनी अधिक लागली. इंजिनाजवळ २० टक्के शक्ती शिल्लक असेल तर त्या एकाने खरोखर काही होत नाही. पण शिल्लक ३ टक्केच असेल तर? मग त्या एकाने सर्व शिल्लक संपते. माणूस तोच, वजन तेच. परंतु त्याचा अर्थ शिल्लकीवर ठरतो.

शक्ती संपते तेव्हा काय होते

शक्ती अपुरी पडली म्हणजे इंजिन बंद पडत नाही. ते पूर्ण जोराने चालतच असते, आणि म्हणूनच हा धोका फसवा आहे. यंत्र खाली बसू लागले की वैमानिकाचा हात स्वाभाविकपणे पात्यांचा कल वाढवतो, म्हणजे पाती हवेला अधिक तिरकस करतो. शक्ती शिल्लक असेल तर यंत्र वर उचलले जाते. शिल्लक नसेल तर पात्यांना हवेचा अडथळा वाढतो आणि त्यांचे फिरणेच मंदावते. पात्यांचे बळ त्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे १० टक्क्यांनी घटले की बळ ८१ टक्क्यांवर येते. म्हणजे वर जाण्यासाठी केलेला प्रयत्नच यंत्राला खाली आणतो. भरीस भर म्हणजे शेपटीचा पंखा त्याच यंत्रणेला दातेरी चाकांनी जोडलेला असतो. मुख्य पंखा मंदावला की तोही मंदावतो, आणि मग यंत्राचे तोंड वैमानिकाला हवे तिकडे राहत नाही. गाळात रुतलेला माणूस धडपडून अधिक रुततो, तसाच हा प्रकार आहे.

याला जोडून आणखी काही चुका घडतात. जमिनीजवळ, पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत असताना, खाली लोटलेल्या हवेला जमिनीचा अडसर होतो आणि यंत्राला थोडा आधार मिळतो. त्या आधाराने दोन मीटरवर डौलाने तरंगणारे यंत्र झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढेतो तो आधार नाहीसा होतो. 'जमिनीवरून उचलले गेले, म्हणजे आता झाले,' हा समज येथे घातक ठरतो. समोरून येणारा वारा पात्यांना नवी, न हललेली हवा पुरवतो व मदत करतो. पाठीमागून येणारा वारा ही मदत काढून घेतो. पुढे ताशी तीसचाळीस किलोमीटर वेग येईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. नेमक्या त्याच वेळी धूळ, तारा, घरे आणि पाहायला जमलेली गर्दी जवळ असते. सरळ खाली, आणि तेही वेगाने, उतरू लागल्यास यंत्र स्वतःच लोटलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते. त्या वेळी अधिक जोर लावल्याने ते अधिकच वेगाने खाली जाऊ शकते.

येथे एक शंका येईल. इंजिन पूर्ण बंद पडले तर मग काय? आश्चर्य असे की, उंची हाताशी असेल तर त्यावर उपाय आहे. माधवीलतेचे तीन पंखांचे फळ वेलीवरून सुटले की भिरभिरत सावकाश खाली येते, हे तुम्ही रानात पाहिले असेल. हेलिकॉप्टरही तसे येऊ शकते. वैमानिकाने पात्यांचा कल तत्काळ कमी केला, तर खालून येणारी हवाच पात्यांना फिरत ठेवते. २१ जून १९७२ रोजी फ्रान्सचे झाँ बुले यांनी 'लामा' जातीचे हेलिकॉप्टर १२४४२ मीटर उंचीपर्यंत नेले. त्या उंचीवर इंजिन बंद पडले, आणि ते तेथून असे भिरभिरतच सुखरूप खाली उतरले. याच 'लामा'वरून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने 'चीता' हे हेलिकॉप्टर बनवले, ज्याने सियाचीनच्या जवानांची दीर्घकाळ सेवा केली. तेव्हा बंद इंजिनालाही उंची तारते. पण अतिभाराने जमिनीलगतच खाली बसणाऱ्या यंत्राजवळ ना उंची असते, ना वेग. त्याच्याजवळ उपाय करायला अवधीच नसतो.

मर्यादा जाणणारा वैमानिक

ज्याने मर्यादा ओळखली त्याची गोष्ट आता ऐका. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४४ मध्ये, ब्रह्मदेशाच्या जंगलात शत्रूच्या प्रदेशात एक छोटे विमान पडले. त्यात अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. विमान उतरवण्याजोगी जागा तेथे नव्हती. तेव्हा आसामातील लालाघाट येथे तळ असलेल्या तुकडीचा लेफ्टनंट कार्टर हार्मन हा सिकॉर्स्कीचे आर-४ हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्या यंत्राची शक्ती जेमतेम १८० अश्वशक्तीच्या आसपास होती. उष्ण व दमट हवेत वैमानिकाखेरीज फक्त एक माणूस उचलणे एवढीच त्याची ताकद होती.

चार माणसे वाट पाहत होती. शत्रू जवळपास होता. दोघांना एकदम नेण्याचा मोह किती झाला असेल, याची कल्पना करा. तेथे 'मातशें सरकात' म्हणणारा कोणी भेटला असता तर त्याला कोण दोष देता? परंतु हार्मनने एका खेपेस एकच माणूस नेला. आधी जखमी, मग त्यांचा वैमानिक. मध्ये इंजिन इतके तापले की काम थांबवून दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली. २५ आणि २६ एप्रिल या दोन दिवसांत चार खेपा झाल्या, आणि चौघेही वाचले. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने माणसे सोडवून आणण्याचा हा पहिला प्रसंग मानतात. त्या दिवशी एका खेपेत दोघांना उचलण्याचा हट्ट धरला असता, तर कदाचित पाच जीव गेले असते. धैर्य म्हणजे मर्यादा झुगारणे नव्हे. मर्यादेच्या आत राहून चार वेळा परत जाणे हेही धैर्यच होय.

खोटा आकडा

आणि आता याच्या उलट एक प्रसंग. ५ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डोंगरावरच्या वणव्याशी झुंजणाऱ्या जवानांना आणण्यासाठी एक मोठे हेलिकॉप्टर गेले. १३ जणांना घेऊन ते उठले. पण पुरेसे वर चढू शकले नाही, झाडांवर आदळले आणि ९ जण मृत्युमुखी पडले. प्रथम कोणालाही वाटेल की वैमानिकाने गणित केले नसावे. परंतु त्यांनी ते केले होते! चौकशीत असे निघाले की, रिकाम्या हेलिकॉप्टरचे वजन कागदोपत्री जाणूनबुजून कमी दाखवले होते आणि इंजिनाच्या उपलब्ध शक्तीचे कोष्टकही बदललेले होते. वैमानिकांची आकडेमोड त्या खोट्या आकड्यांवर झाली. ज्यांच्यावर देखरेखीची जबाबदारी होती त्यांनाही हे दिसून आले नाही.

म्हणून, मित्रहो, 'वैमानिकाची चूक' हे शब्द वाचले की तेथेच थांबू नका. चुकीची साखळी बहुधा लांब असते. कोणी वजन मोजत नाही. कोणी मोजलेले खरे सांगत नाही. कोणी उतरण्याची जागा तारांजवळ निवडतो. कोणी मोठा पाहुणा घाई करतो. कोणी भर दुपारची वेळ ठरवतो. शेवटची कडी वैमानिकाच्या हातात असते, म्हणून त्याचेच नाव पुढे येते. त्याची जबाबदारी याने कमी होत नाही. कारण की त्या साखळीत 'नाही' म्हणण्याची अखेरची संधी त्यालाच असते. म्हणून सावध वैमानिक प्रवास सुरू करण्यापूर्वी यंत्र मीटरदोन मीटर उचलून स्थिर धरतो, शक्ती किती शिल्लक आहे ते काट्यावर पाहतो, आणि पुरेशी नसेल तर पुन्हा खाली ठेवतो. मग सामान उतरवतो, किंवा इंधन कमी करतो, किंवा एखाद्या प्रवाशास नम्रपणे म्हणतो, "आपण दुसऱ्या खेपेस या." हिमालयात तो पहाटेची वेळ निवडतो, कारण तेव्हाची थंड हवा दाट असते. हे करण्यास यंत्राचे कौशल्य थोडे आणि मनाचा खंबीरपणा फार लागतो.

त्या दिवशी अणशीच्या घाटात आमच्या चालकाने 'नको' म्हटले होते. ते ऐकण्याची अक्कल मला नव्हती, आणि शिक्षकाचा शब्द मोडण्याचे बळ त्याला नव्हते. आता मुलांना घेऊन निघताना मी प्रथम चालकास विचारतो, "किती जण बसतील?" आणि तो सांगेल तो आकडा अंतिम मानतो. उरलेल्यांसाठी दुसरी गाडी सांगतो, नाहीतर थांबतो. परगावी आम्हांला त्यामुळे दोनदा उशीर झाला. पालक वाट पाहत राहिले आणि मला थोडे बोलणेही खावे लागले. पण मुले घरी पोचली.

तुमच्यापैकी कोणी पुढे वैमानिक होईल, कोणी बसचा चालक, कोणी लाकडाच्या गाडीवर, कोणी कचेरीत कागद तपासणारा. प्रत्येकापुढे केव्हातरी तो प्रश्न येईल, "एकाने काय होते?" त्या वेळी शिल्लक किती आहे ते आधी मोजा आणि मग उत्तर द्या. आणि तुम्ही प्रवासी असाल, तर 'नाही' म्हणणाऱ्या माणसावर रागावू नका.

स्वाध्याय

१. शाळेच्या पटांगणावर सकाळी ७ वाजता तापमान १८ अंश आणि दुपारी ३ वाजता ३३ अंश आहे. दुपारची हवा सकाळपेक्षा सुमारे किती टक्के विरळ असेल? ही विरळता किती मीटर चढण्याइतकी झाली?

२. हेलिकॉप्टरच्या एक लिटर इंधनाचे वजन सुमारे ०.८ किलोग्रॅम असते. ८० किलोग्रॅमच्या एका प्रवाशाला घेण्यासाठी किती लिटर इंधन कमी करावे लागेल? तसे केल्यास कोणता नवा धोका उत्पन्न होईल?

३. 'चालकाची चूक' असे सांगणारी एखादी बातमी वृत्तपत्रातून काढा. त्या चुकीच्या आधी आणखी कोणी कोठे 'नाही' म्हणायला हवे होते, याची घरातील मोठ्या माणसांशी चर्चा करून यादी करा व वर्गात वाचून दाखवा.